थांबवा तिथेच: विज्ञानकथांच्या एपिसोडमधून मानसशास्त्र शिकवताना

अकरावी-बारावीला किंवा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवायला नुकतीच सुरुवात केलेल्या कोल्हापूर परिसरातल्या शिक्षकांसाठी हे लिहितो आहे. विज्ञानकथेच्या टीव्ही मालिकेतला एखादा एपिसोड घेऊन त्यावर अख्खा धडा उभा करता येतो. अट एवढीच की एपिसोड सलग दाखवायचा नाही. पडदा थांबलेला असतो त्या मिनिटांत मुलं शिकतात. चालू असतो तेव्हा ती फक्त बघत असतात, आणि ते तर घरीही करतात.

आधी विज्ञानकथाच का, ते सांगतो. रोजच्या कौटुंबिक मालिकांत भावनांचा सुकाळ असतो, पण तिथे एकाच वेळी सासू, इस्टेट, गैरसमज आणि पार्श्वसंगीत असं सगळंच बदलत असतं. चांगल्या विज्ञानकथेत लेखक जगातली एकच गोष्ट बदलतो आणि माणसं होती तशीच ठेवतो. एक यंत्र येतं, एक दिवा जातो, एक क्षमता वाढते. मग माणसं काय करतात, हे आपण बघतो. प्रयोगात स्वतंत्र परिवर्त्य बदलून परतंत्र परिवर्त्याकडे लक्ष ठेवतात, तोच हा प्रकार. पहिल्या प्रकरणातली ही व्याख्या पोरं घोकतात, पण ती प्रत्यक्ष दिसते ती अशा वेळी. दुसरं कारण अंतराचं आहे. आपल्या गल्लीतल्या पूर्वग्रहावर बोलायला वर्ग कचरतो, परक्या ग्रहावरच्या पूर्वग्रहावर भरभरून बोलतो. तिथून गल्लीत परतायची वाट आपण दाखवायची.

स्टाफरूममध्ये कुणी 'हे काय नवीन' म्हणालंच, तर जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ साली याच गावात झाला, याची आठवण करून द्या. दूरदर्शनवरची 'स्पेस सिटी सिग्मा' किंवा 'कॅप्टन व्योम' पाहिलेले सहकारी तर तुमच्याच बाजूचे निघतील.

पहिलं काम: संकल्पना आधी, एपिसोड नंतर

नवे शिक्षक बहुधा उलट्या बाजूने सुरुवात करतात. स्वतःला आवडलेला एपिसोड घेतात आणि त्यात मानसशास्त्र शोधायला लागतात. मग एका तासात स्मृती, व्यक्तिमत्त्व, ताण, फ्रॉइड असं सगळं येतं आणि हाती काही लागत नाही. अभ्यासक्रमातली एकच संकल्पना ठरवा. ती एका वाक्यात लिहा. त्यानंतर एपिसोड शोधा.

लांबीही बघा. आपली तासिका पाऊण तासाच्या आसपास, त्यातली हजेरीत आणि 'आत येऊ का सर'मध्ये जातात ती मिनिटं वेगळी. म्हणून माझी पहिली पसंती 'द ट्वायलाइट झोन' या जुन्या अमेरिकी मालिकेला. रॉड सर्लिंग यांनी निर्माण केलेली ही मालिका १९५९ ते १९६४ या काळात सीबीएस वाहिनीवर चालली. प्रत्येक एपिसोडची गोष्ट स्वतंत्र, बहुतेक एपिसोड पंचवीस मिनिटांचे. चौथ्या हंगामातले तेवढे दुप्पट लांबीचे आहेत, ते टाळा. कृष्णधवल चित्र बघून पहिली दोन मिनिटं वर्गात कुरकुर होते, मग थांबते. शिवाय शिव्या नाहीत, अंगप्रदर्शन नाही, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलांसमोर बिनधास्त लावता येते. 'स्टार ट्रेक'चे एपिसोड पाऊण तासाच्या पुढे जातात, त्यातला दहा-बारा मिनिटांचा तुकडा घ्यावा. 'ब्लॅक मिरर' मुलांना माहीत असते आणि तिचीच मागणी येते, पण तिचे बरेच एपिसोड प्रौढांसाठीचे आहेत. स्वतः शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय त्यातलं काहीही वर्गात लावू नका.

दुसरं काम: चुका आधी सांगा, नेमक्या सांगा

एपिसोड दोनदा बघा. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा वही घेऊन, घड्याळाची मिनिटं लिहीत. कुठे थांबायचं, थांबून काय विचारायचं आणि कुठे मानसशास्त्र चुकीचं दाखवलंय, या तीन गोष्टी लिहून काढा.

यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच सगळ्यात जास्त गाळली जाते. अँड्र्यू बटलर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास याच प्रश्नावर आहे. विद्यार्थ्यांना इतिहासावरचा मजकूर वाचायला दिला आणि त्याच विषयावरच्या चित्रपटांचे तुकडे दाखवले. तुकडा मजकुराशी जुळणारा असेल तिथे आठवण सुधारली. पण चित्रपटात चूक होती तिथे बऱ्याच विद्यार्थ्यांनी नंतर ती चूकच खरी म्हणून लिहिली, योग्य माहिती वाचलेली असूनही. 'चित्रपटात चुका असू शकतात' अशी मोघम सूचना देऊन फारसं काही साधलं नाही. 'अमुक जागी तमुक चूक आहे' असं नेमकं सांगितल्यावर मात्र मोठा फरक पडला.

तेव्हा 'ही नुसती गोष्ट आहे बरं का' एवढं म्हणून पुढे जाऊ नका. फळ्यावर लिहा: 'या एपिसोडमध्ये स्मृती कॅमेऱ्यासारखी दाखवली आहे. खरी स्मृती तशी नसते.' मग पडदा सुरू करा.

तिसरं काम: खोली, आवाज, कायदा

प्रोजेक्टर जुना चालतो, आवाज जुना चालत नाही. पंख्यांची घरघर आणि हॉलचा घुमारा यात अमेरिकी इंग्रजी संवाद विरून जातात. लॅपटॉपच्या आवाजावर विसंबू नका, वेगळा स्पीकर लावा आणि शेवटच्या बाकावर बसून स्वतः ऐका. मराठी सबटायटल सहसा मिळत नाहीत आणि इंग्रजी वाचेपर्यंत वाक्य निघून जातं. त्यामुळे सुरू करण्याआधी गोष्ट पाच-सहा वाक्यांत मराठीत सांगा, पात्रांची नावं फळ्यावर लिहा आणि थांब्याला पुन्हा मराठीत सांगा. रहस्य फुटलं म्हणून काही बिघडत नाही. आपल्याला धक्का द्यायचा नाही, विचार करायला लावायचंय.

इंटरनेटच्या भरवशावर राहू नका. अधिकृत डीव्हीडी किंवा ॲपमध्ये आधी उतरवून ठेवलेला एपिसोड बरा. काही ॲप मोबाइलवर चालतात, पण केबलने प्रोजेक्टरला जोडल्यावर पडदा काळा होतो. हे आदल्या दिवशी तपासायचं. तास दुपारचा शेवटचा असेल तर कागल, पन्हाळ्याकडच्या मुलांची एसटी कधी सुटते ते विचारून घ्या, नाहीतर ऐन चर्चेत अर्धा वर्ग दप्तर भरायला लागतो.

कायद्याचंही थोडक्यात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ शिक्षणसंस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट दाखवायला सूट देतं, प्रेक्षक संस्थेचे शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी एवढेच असतील तर. शाहू स्मारकात सर्वांसाठी खुला कार्यक्रम ठेवलात तर ती सूट लागू होत नाही. प्रत मात्र सरळ मार्गाने मिळवलेली हवी. स्ट्रीमिंग ॲपच्या स्वतःच्या अटी असतात, त्या वेगळ्या वाचाव्या लागतात.

एक तास पूर्ण करून बघू: भविष्य सांगणारं यंत्र

'निक ऑफ टाइम' हा 'ट्वायलाइट झोन'चा नोव्हेंबर १९६० मधला एपिसोड. नवशिक्या शिक्षकाने इथून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. संकल्पना: आपल्या समजुतीला पुष्टी देणारा पुरावा तेवढा टिपायची मनाची खोड. गोष्ट अशी. डॉन आणि पॅट हे नवविवाहित जोडपं प्रवासात आहे. ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावात त्यांची गाडी बिघडते. दुरुस्ती होईपर्यंत ती दोघं एका खानावळीत बसतात. टेबलावर सैतानाचं मुंडकं बसवलेलं एक यंत्र असतं. नाणं टाका, प्रश्न विचारा, उत्तराचं कार्ड बाहेर येतं. डॉन बढतीच्या बातमीची वाट बघत असतो. डॉनचं काम विल्यम शॅटनर यांनी केलंय, पुढे 'स्टार ट्रेक'चे कॅप्टन कर्क झाले तेच.

या धड्याला दोन जोडतासिका लागतात, आणि सुरुवात आदल्या दिवशीच होते. 'व्यक्तिमत्त्व चाचणी' म्हणून प्रत्येकाकडून जन्मतारीख, आवडता रंग आणि सहीचा नमुना घ्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या हातात त्याचं नाव लिहिलेली बंद चिठ्ठी द्या. आतला मजकूर सगळ्यांना एकच: 'घरच्यांसाठी तुम्ही जीव टाकता, पण बोलून दाखवत नाही. बाहेरून निवांत दिसता, आतून मात्र एखादी काळजी कुरतडत असते. तुमच्या अंगात जेवढी कुवत आहे, तेवढी अजून वापरलेली नाही. कधी तुम्हाला चारचौघांत मिसळावंसं वाटतं, तर कधी एकटं राहावंसं.' हे वर्णन आपल्याला किती लागू पडतं त्याला शून्य ते पाच गुण द्यायला सांगा. कागद गोळा करा, सरासरी फळ्यावर लिहा आणि मग कुणा एकाला आपली चिठ्ठी मोठ्याने वाचायला सांगा. दुसऱ्या वाक्याला वर्गात हशा पिकतो.

बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांवर हाच डाव टाकला होता. मजकूर बराचसा स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. सरासरी आली ४.२६. हा आकडा वर्गाच्या सरासरीशेजारी लिहून ठेवा आणि काहीही भाष्य न करता एपिसोड सुरू करा.

पहिला थांबा बढतीचा फोन झाल्यावर. यंत्राने डॉनला 'निकाल तुमच्या बाजूने लागला आहे' अशा अर्थाचं कार्ड दिलेलं असतं, तो ऑफिसला फोन लावतो आणि बढती खरंच मिळालेली असते. पडदा थांबवा. प्रत्येकाने लिहायचं: यंत्राला माहीत होतं का, आणि तुम्ही असं का म्हणता. बोलून नको, लिहूनच. तोंडी विचारलं की पहिला जोरात बोलेल त्याच्यामागे वर्ग जातो. हातात कागद असला की नंतर मत बदलल्याचं लपवायची सोय राहत नाही, 'मी आधीच म्हणत होतो' हेही चालत नाही. मग कार्डावरचे शब्द पुन्हा वाचून दाखवा आणि विचारा, यात 'बढती' कुठे आहे? बढती डॉनच्या प्रश्नात होती. उत्तर मोघम होतं, अर्थ त्याने भरला.

दुसरा थांबा तीन वाजता. तीन वाजेपर्यंत इथून हलू नका, असा अर्थ डॉन कार्डांतून काढतो. तरी ती दोघं निघतात आणि रस्ता ओलांडताना गाडीखाली येता येता वाचतात. घड्याळात तीन वाजलेले. इथे वर्ग फुटतो. 'पण सर, तीनला गाडी आलीच की!' असं म्हणणारा कुणीतरी असतोच, आणि तो असावाच. त्याला गप्प करू नका, फळ्यापाशी बोलवा.

फळ्यावर चार खाने काढा. यंत्राने सांगितलं आणि घडलं. सांगितलं आणि घडलं नाही. सांगितलं नाही तरी घडलं. सांगितलंही नाही, घडलंही नाही. आता एपिसोडमधली उदाहरणं भरा. पहिला खाना लगेच भरतो. उरलेल्या तिन्हींसाठी वर्ग डोकं खाजवतो, कारण डॉनने ते मोजलेच नाहीत आणि दिग्दर्शकाने दाखवले नाहीत. खाणं वेळेवर आलं, हे यंत्राने कुठे सांगितलं होतं? या तीन खान्यांशिवाय पहिल्या खान्याला काही अर्थ नाही, एवढं एक समजलं तरी तास वसूल झाला.

आता शेवटपर्यंत दाखवा. पॅट नवऱ्याला कशी सोडवते ते नीट बघायला सांगा. ती यंत्र खोटं आहे हे सिद्ध करत बसत नाही, निर्णय आपले आपण घ्यायचे म्हणून त्याला बाहेर काढते. शेवटी दुसरं एक जोडपं येतं, ते मात्र यंत्राच्या पुरतं कह्यात गेलेलं.

उरलेल्या वेळात एक खेळ घ्या. फळ्यावर २-४-६ लिहा. 'माझ्या मनात एक नियम आहे, ही तिकडी त्यात बसते. तुम्ही तिकड्या सुचवा, मी हो-नाही सांगेन. खात्री झाली की नियम सांगा.' मुलं म्हणतात ४-६-८, हो. १०-१२-१४, हो. 'दोनने वाढणाऱ्या सम संख्या!' चूक. नियम असतो, कोणत्याही चढत्या संख्या. पीटर वेसन यांनी १९६० साली हा प्रयोग केला तेव्हा २९ जणांपैकी फक्त सहा जणांनी मध्ये एकही चुकीचा नियम न सांगता बरोबर उत्तर दिलं. बाकीचे आपला अंदाज खरा ठरवणाऱ्याच तिकड्या सुचवत राहिले. १-२-३ किंवा ९-५-१ सुचवून स्वतःचा अंदाज मोडायचा प्रयत्न कुणी केला का, हे वर्गात विचारा. डॉनही आपला अंदाज खरा ठरवणारंच तेवढं टिपत होता.

वेळ उरला तर बी.एफ. स्किनर यांची १९४८ ची कबुतरं सांगा. ती काहीही करोत, ठरावीक वेळाने दाणे पडत होते. तरी योगायोगाने त्या क्षणी जे केलं त्याचीच आवर्तनं काही पक्षी करू लागले, कुणी गोल फिरायचं, कुणी मान एका कोपऱ्याकडे झटकायचं. आपला संघ जिंकला त्या दिवशीचाच शर्ट घालून शाहू स्टेडियमला जाणारे पोरगे वर्गात असतात, उदाहरण त्यांनाच देऊ द्या.

एक सांभाळायचं. ग्रामदैवताला कौल लावणाऱ्या घरातली मुलं समोर बसलेली असतात. तुम्ही कुणाच्या घरच्या देवावर बोलायचं कारण नाही. पुरावा कसा मोजतात, एवढंच शिकवायचंय. चार खाने कुठे वापरायचे ते ज्याचं त्याने ठरवावं.

पेठा, पूर आणि मेपल स्ट्रीट

'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' हा मार्च १९६० चा एपिसोड समूहमानसशास्त्रासाठी. संध्याकाळी एका शांत गल्लीतली वीज जाते, फोन बंद, गाड्या बंद. टॉमी नावाचा एक मुलगा वाचलेली गोष्ट सांगतो, की परग्रहवासी आधी माणसांसारखं दिसणारं एक कुटुंब पुढे पाठवतात. मोठी माणसं हसतात. इतक्यात एका शेजाऱ्याची गाडी आपोआप सुरू होते, आणि हसू थांबतं.

इथे थांबवा. 'आता संशय कुणावर जाईल? का?' लिहून घ्या. पुढे प्रत्येक नव्या आरोपाला 'पुरावा काय होता' असं विचारत जा. एकाला रात्री झोप येत नाही म्हणून तो आकाशाकडे बघत उभा राहतो, दुसरा तळघरात रेडिओ जुळवतो. काल या सवयी होत्या, आज पुरावे झाले.

दुसरा थांबा शेवटच्या दोन मिनिटांच्या आधी, आणि तिथेच चर्चा पूर्ण करा. शेवटी टेकडीवरून हे सगळं बघणारे परग्रहवासी दाखवले आहेत. गोष्ट म्हणून तो शेवट झकास आहे, धडा म्हणून घातक. तो पाहिला की मुलं सुटकेचा श्वास टाकतात, 'हां, म्हणजे त्यांनी केलं.' त्यांनी फक्त दिवे नि गाड्या बंद-चालू केल्या होत्या. अंधारातून परत येणाऱ्या शेजाऱ्यावर गोळी झाडली ती दुसऱ्या शेजाऱ्याने.

मग विचारा, आपल्याकडे पूर आला तेव्हा काय काय ऐकलं होतं? २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, गावाचा संपर्क तुटला, अनेक भागांत वीज नव्हती. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्ये मांडलं होतं, की विषय महत्त्वाचा असतो आणि खात्रीची माहिती नसते तिथे अफवा वाढते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे गावातलं शेंबडं पोरही सांगतं. बंधाऱ्याची पातळी वेळोवेळी कळत राहणं अफवेला कसं रोखतं, यावर वर्गाला बोलतं करा. मात्र चिखली-आंबेवाडीची किंवा नदीकाठच्या गल्ल्यांतली मुलं वर्गात असतील, तर कुणालाही 'तुझं घर गेलं होतं का' असं विचारायचं नाही. स्वतःहून बोलली तर ऐकायचं.

आपला-परका हा भाग पुढच्या तासाला. फुटबॉलचा हंगाम चालू असेल तर पाटाकडील आणि दिलबहार या संघांच्या समर्थकांमुळे वर्ग आधीच दोन गटांत बसलेला असतो. त्या गटांना हात लावू नका, तिथे पिढ्यांचा इतिहास आहे. चिठ्ठ्या टाकून नवेच दोन गट करा, निळे आणि हिरवे. नावं गुप्त ठेवून प्रत्येकाने एका निळ्याला आणि एका हिरव्याला गुण वाटायचे. हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवर असेच प्रयोग केले, १९७० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. कुठल्या चित्रकाराची चित्रं आवडतात यावरून गट केल्याचं त्यांना सांगितलं होतं, प्रत्यक्षात वाटणी यादृच्छिक होती. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्याला जास्तीत जास्त मिळण्यापेक्षा समोरच्यापेक्षा जास्त मिळणं काहींना मोलाचं वाटलं. निळ्या-हिरव्या चिठ्ठीने एवढं होतं, तर पेठेच्या नावाने काय होत असेल, हे मुलं न सांगता ओळखतात.

त्याच एपिसोडवर स्मृतीचा धडा

आठवड्याने त्याच वर्गाला दोन प्रकारच्या प्रश्नपत्रिका वाटा. मेपल स्ट्रीटवरचा पीट व्हॅन हॉर्न शेजारच्या गल्लीत वीज आहे का ते बघायला जातो आणि अंधारात परत येतो. त्याच्याजवळ हातोडा असतो. एका पत्रिकेत लिहा, 'पीट हातोडा घेऊन गेला, तेव्हा रस्त्यावर कोण कोण होतं?' दुसरीत, 'पीट टॉर्च घेऊन गेला, तेव्हा रस्त्यावर कोण कोण होतं?' अजून दोन दिवसांनी सगळ्यांना एकच प्रश्न: पीटजवळ काय होतं? दोन्ही गटांची उत्तरं शेजारी शेजारी मांडा आणि मग तो तुकडा परत दाखवा. शेवटी पत्रिका मुद्दाम वेगळ्या केल्या होत्या, हे सांगायला विसरू नका. फसवणुकीचा प्रयोग केला की उलगडा करायचाच, हा प्रयोगनीतीचा धडा इथेच होतो.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग आता मुलांना पटकन कळेल. गाड्यांची टक्कर दाखवून वेग विचारला. प्रश्नात गाड्या 'धडाडून आदळल्या' असा अर्थ असलेलं क्रियापद होतं तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल आलं, नुसत्या 'टेकल्या' अशा क्रियापदाला ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच नव्हतीच. 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं, सौम्य 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी सातांनी.

'ब्लॅक मिरर'चा २०११ मधला 'द एन्टायर हिस्टरी ऑफ यू' स्मृतीसाठी सगळ्यांना सुचतो, कानामागे बसवलेल्या उपकरणात प्रत्येक क्षण रेकॉर्ड होतो त्यात. कनिष्ठ महाविद्यालयात तो लावू नका, दृश्यं प्रौढांची आहेत. गोष्ट तोंडी सांगा आणि विचारा, असं उपकरण असतं तर भांडणं मिटली असती की वाढली असती? त्याआधी 'खरी स्मृती कॅमेऱ्यासारखी नसते' ही नेमकी सूचना फळ्यावर लिहिलेली हवीच.

बाकीचे, पटकन

'ब्लॅक मिरर'चा 'नोजडाइव्ह' (२०१६): माणसं एकमेकांना पाचपैकी गुण देतात, नायिका ४.२ वरून ४.५ ला पोचायला धडपडते. सामाजिक तुलनेसाठी उत्तम, लिऑन फेस्टिंगर यांचा १९५४ चा सिद्धान्त याच्यासोबत शिकवा. शेवटी शिव्या आहेत, तो भाग कापा. गृहपाठ म्हणून एक दिवस आपलं स्टेटस कुणी बघितलं हे आपण किती वेळा तपासतो, याची नोंद ठेवायला सांगा. नोंद स्वतःपुरती, वर्गात वाचायची नाही.

'स्टार ट्रेक'चा 'द एनिमी विदिन' (१९६६): यंत्राच्या बिघाडाने कर्कचे दोन भाग होतात, एक रानटी आणि एक मवाळ. मवाळ कर्कला निर्णयच घेता येईनासे होतात, हे खरं बघण्यासारखं. फ्रॉइडच्या इदम्-अहम्‌साठी (मनातल्या कच्च्या इच्छा आणि त्यांना वास्तवाशी जुळवून घेणारा भाग) वापरा, पण दोन सूचना आधी: फ्रॉइडचा इदम् म्हणजे 'वाईट माणूस' नव्हे, आणि स्किझोफ्रेनियाचा असल्या दुभंगाशी काही संबंध नाही. दुसरी सूचना गाळलीत तर परीक्षेच्या पेपरात ती चूक हमखास भेटते.

त्याच मालिकेतला 'लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड' (१९६९) थोडा सावकाश. अर्धा चेहरा काळा, अर्धा पांढरा असलेले दोघं परस्परांचे हाडवैरी. एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी. जहाजावरच्या लोकांना फरक दाखवून द्यावा लागतो. मुलं हसतात, मग हळूहळू हसायची थांबतात. इथून जातीकडे यायला कोल्हापुराइतकी जागा सोयीची नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. गंगाराम कांबळे यांनी चहाचं दुकान काढलं, तेव्हा लोक तिथे येईनात म्हणून महाराज स्वतः तिथे थांबून सगळ्यांदेखत चहा घेत. ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रह कमी करणाऱ्या संपर्काच्या अटी सांगितल्या: समान दर्जा, सामायिक उद्दिष्ट, सहकार्य आणि अधिकारी व्यक्तींचा पाठिंबा. चहाच्या त्या दुकानात यांतल्या कुठल्या अटी पुऱ्या झाल्या आणि कुठल्या उरल्या, या एका प्रश्नावर तास जातो. कुणाला आपली जात सांगायला लागेल असा कुठलाही प्रश्न मात्र विचारू नका, गमतीतही नाही.

रोबोटचे एपिसोड हल्ली आपोआप जमतात, कारण मुलं चॅटबॉटशी बोलतात. 'द लोन्ली' (१९५९) मध्ये लघुग्रहावर एकट्या कैद्याला स्त्रीच्या रूपातला रोबोट सोबतीला देतात. आधी तो झिडकारतो, मग जीव लावतो. जोडीला जोसेफ वायझेनबाम यांचा एमआयटीमधला १९६६ चा 'एलायझा' हा संगणक प्रोग्राम सांगा. तो बोलणाऱ्याचीच वाक्यं फिरवून प्रश्न करायचा, तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करत.

मुलांची काळजी आणि गुण

मानसिक आजार, एकटेपणा, हिंसा येणार असेल तर आदल्या दिवशी सांगा, आणि ज्याला बाहेर बसायचं असेल त्याला कारण न विचारता बसू द्या. एखादी मुलगी तासानंतर 'मॅडम, मला पण तसंच होतं' म्हणत थांबली, तर एपिसोडवरून तिचं निदान करायला जाऊ नका. ऐका, महाविद्यालयाच्या समुपदेशकाकडे न्या, आणि 'टेली मानस'चा १४४१६ हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक तिला द्या. तो वर्गाच्या भिंतीवर कायम लावलेला असावा.

गुण देताना 'एपिसोडची कथा लिहा' असा प्रश्न काढू नका, इंटरनेटवर ती तयार मिळते. मी तीन प्रश्न देतो. तुम्ही पहिल्या थांब्याला काय लिहिलं होतं आणि ते का बदललं किंवा बदललं नाही? एपिसोडमध्ये कोणती गोष्ट मानसशास्त्राच्या दृष्टीने चूक होती? तीच संकल्पना तुमच्या घरात, गल्लीत किंवा एसटीत कुठे दिसली, आणि ती दुसऱ्या कशानेही समजावता येईल का? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरार्धाला निम्मे गुण ठेवतो. थांब्याचे कागद म्हणूनच जपून ठेवायचे, तारीख आणि हजेरी क्रमांक घालून. ते वर्षाच्या शेवटी मुलांना परत द्यायचे असतात.